विमाने घडवणारा सुतार

(विमान उडवणाऱ्या वीरांच्या कथा आपण आवडीने ऐकतो. ते विमान घडवणाऱ्या माणसाची आठवण मात्र फार थोड्यांना असते. सुताराच्या घरात जन्मलेल्या आणि लहान वयातच हाती करवत व रंधा घेतलेल्या एका मुलाने जगप्रसिद्ध लढाऊ विमाने कशी घडवली, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, रत्नागिरीहून कोकण रेल्वेने निघालात की काही तासांत तुम्ही गोव्यात मडगावला पोहोचता. तेथून दाबोळीच्या विमानतळाकडे जा. विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. त्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली जुनी विमाने उभी आहेत. आता त्यांची इंजिने शांत आहेत. लहान मुले त्यांच्या पंखांखालून पळतात आणि मोठी माणसे त्यांच्याशेजारी उभी राहून छायाचित्रे काढून घेतात.

त्यांतले एक लहानसे, देखणे विमान नीट पाहा. त्याचे नाव सी हॉक, म्हणजे समुद्रावरचा ससाणा. त्याचे पंख मधून दुमडता येतात, कारण त्याला जहाजावरच्या थोड्या जागेत राहायचे असे. १९७१ च्या डिसेंबर महिन्यात अशीच विमाने आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडाली होती. बंगालच्या उपसागरातून जाऊन त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगाव या बंदरांवर हल्ले केले होते.

आता मनाने दिल्लीला चला. तेथे पालम येथे भारतीय हवाई दलाचे संग्रहालय आहे. त्यात हरिकेन, टेम्पेस्ट आणि हंटर या नावांची तीन लढाऊ विमाने जपून ठेवली आहेत. गोव्याचे सी हॉक आणि दिल्लीची ही तीन विमाने दिसायला अगदी वेगळी आहेत. कोणाच्या तोंडाशी पंखा आहे, तर कोणाला पंखाच नाही. पण या चारही विमानांचा आराखडा ज्याच्या हाताखाली तयार झाला, तो माणूस एकच होता. त्याचे नाव सिडनी कॅम. तो सुताराचा मुलगा होता आणि स्वतःही सुतार होता.

इंग्लंडमध्ये लंडनपासून थोड्या अंतरावर थेम्स नदीच्या काठी विंडसर नावाचे गाव आहे. तेथे राजघराण्याचा मोठा किल्ला आहे. पण सिडनीचे घर किल्ल्यात नव्हते. ते गावातल्या साध्या वस्तीतले घर होते. ५ ऑगस्ट १८९३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक कॅम सुतारकाम करत. घरात एकूण बारा भावंडे, आणि त्यांत सिडनी सर्वांत मोठा. बारा मुलांचे पोट एका सुताराच्या कमाईवर भरायचे म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला नको.

सिडनी गावातल्या मोफत शाळेत शिकला. तो अभ्यासात चांगला होता. पण घरची गरज मोठी होती. १९०८ साली, पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्याने शाळा सोडली आणि वडिलांप्रमाणे सुतारकाम शिकायला सुरुवात केली. लाकूड कसे ओळखावे, रंधा कसा चालवावा, पटाशीने खाच कशी पाडावी आणि दोन तुकडे एकमेकांत असे कसे बसवावेत की सांधा हलणार नाही, हे तो शिकू लागला. सुताराची खरी परीक्षा सांध्यातच होते. सांधा चुकला तर खुर्ची डुगडुगते आणि दार नीट लागत नाही. ही गोष्ट सिडनीच्या मनावर तेव्हाच बिंबली. पुढे ती त्याला फार उपयोगी पडणार होती. आणि एकदा सांधा चुकल्यावर काय होते, हेही त्याला फार कठोर रीतीने कळणार होते.

तो काळच नवलाचा होता. सिडनी दहा वर्षांचा असताना, १७ डिसेंबर १९०३ रोजी, अमेरिकेत राइट बंधूंनी इंजिनाच्या जोरावर पहिले विमान उडवले होते. १९०८ साली त्यांनी युरोपात आपले विमान लोकांसमोर उडवून दाखवले, आणि गावोगावच्या मुलांना विमानांचे वेड लागले. सिडनीला आणि त्याच्या भावांनाही ते लागले. फरक एवढाच, की इतर मुले चित्रे पाहत बसली आणि या भावांच्या हाती हत्यारे होती. त्यांनी लाकडाच्या बारीक काड्या, कापड आणि रबर वापरून लहान विमाने बनवली. ती नुसती शोभेची नव्हती, खरोखर उडत. एका दुकानदाराने ती विकायला ठेवली.

विंडसरच्या समोर, नदीच्या पलीकडे, ईटन नावाची शाळा आहे. तेथे मोठमोठ्या घराण्यांतील मुले शिकत. दुकानदाराला विकण्यापेक्षा या मुलांनाच विमाने विकली तर जास्त पैसे मिळतात, हे कॅम भावांच्या लक्षात आले. पण ते दुकानदाराला कळून चालणार नव्हते आणि ईटनच्या शिक्षकांनाही नाही. म्हणून हे भाऊ अंधार पडल्यावर गुपचूप त्या मुलांच्या वसतिगृहात विमाने पोहोचवत. हा मार्ग चांगला होता असे आपण म्हणणार नाही. पण त्या रात्रींचे चित्र डोळ्यांसमोर आणा. श्रीमंत घरची मुले खेळणे विकत घेत होती, आणि सुताराची मुले ते घडवता घडवता एक विद्या शिकत होती.

पुढे सिडनीने मित्रांसह गावात लहान विमाने बनवणाऱ्यांची एक मंडळी स्थापन केली. १९१२ साली या मंडळींनी माणूस बसू शकेल एवढे मोठे, बिनइंजिनाचे विमान तयार केले. खेळण्यापासून खऱ्या विमानापर्यंतची ही पहिली पायरी होती.

पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास सिडनीला ब्रुकलंड्स येथील मार्टिनसाइड या विमान कारखान्यात नोकरी मिळाली. नोकरी होती सुताराची. त्या वेळची विमाने लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवत. तुम्ही मिरकरवाड्याला किंवा राजिवड्याला लाकडी होडी बांधताना पाहिली असेल, तर हे लगेच समजेल. आधी मधला कणा, मग दोन्ही बाजूंच्या फासळ्या आणि मग वरून फळ्यांचे आवरण. विमानात फळ्यांच्या जागी कापड असे आणि कापड ताठ राहावे म्हणून त्यावर रोगण चढवत. साहजिकच विमानाच्या कारखान्यात सुतारांना मोठी मागणी होती.

सुतार पुष्कळ होते, पण सिडनी हातातल्या तुकड्यापाशी थांबला नाही. हा तुकडा येथेच का, तो इतकाच जाड का, तो हलका केला तर चालेल का, असे प्रश्न त्याला पडत. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात वाचन, असा त्याचा क्रम होता. लवकरच त्याला कारखान्यातून नकाशे काढण्याच्या विभागात घेतले. युद्धाची वर्षे त्याने तेथेच काढली. १९१५ साली त्याचे हिल्डा यांच्याशी लग्न झाले. युद्ध संपल्यावर १९१९ साली विमानाची बांधणी या विषयावर त्याचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. लहान वयात शाळा सुटलेल्या सुताराने सव्विसाव्या वर्षी पुस्तक लिहिले, हे विसरू नका. शाळा सुटली होती, शिकणे सुटले नव्हते.

युद्धानंतर विमानांची मागणी एकदम घटली आणि मार्टिनसाइड कंपनी बुडाली. १९२३ साली कॅम किंग्स्टन येथील हॉकर या कंपनीत आले. दोनच वर्षांत, १९२५ साली, ते त्या कंपनीचे मुख्य रचनाकार झाले. त्यांचे तेथले पहिले विमान सिग्नेट नावाचे होते. ते इतके हलके होते की रिकामे असताना त्याचे वजन १७० किलोच्या आसपास भरे. १९२६ साली हलक्या विमानांच्या स्पर्धेत पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक सिग्नेट विमानांनी मिळवले.

याच सुमारास विमानांत लाकडाऐवजी धातू येऊ लागला. धातूच्या नळ्या जोडण्याची एक पद्धत म्हणजे वेल्डिंग. पण चांगले वेल्डिंग करणारा कुशल कारागीर हवा, आणि आतून सांधा कच्चा राहिला तर तो बाहेरून दिसत नाही. कॅम आणि त्यांचे सहकारी फ्रेड सिग्रिस्ट यांनी वेगळी रीत काढली. नळ्यांची टोके चौकोनी करायची आणि ती पट्ट्या व बोल्ट लावून आवळायची. असा सांधा साध्या हत्यारांनी जोडता येई. एखादी नळी वाकली तर बोल्ट काढून नवी बसवता येई. येथे तुम्हांला सुताराचा हात दिसत नाही का? वस्तू अशी करावी की ती करणाऱ्याला सोपी जावी आणि मोडली तर दुरुस्त करता यावी, हे सुतारकामातले साधे शहाणपण आहे. कॅम यांनी ते विमानात आणले.

या पद्धतीने हार्ट, फ्युरी, ऑडॅक्स अशी दुहेरी पंखांची अनेक विमाने तयार झाली. एक काळ असा आला की ब्रिटिश हवाई दलातील बहुतेक विमाने कॅम यांच्याच आराखड्यांवरून बनलेली होती. भारतीय हवाई दलाच्या सुरुवातीच्या काळातल्या अनेक वैमानिकांनीही हार्ट आणि ऑडॅक्स या विमानांवर हात बसवला.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. युरोपवर पुन्हा युद्धाचे ढग जमू लागले. दुहेरी पंखांची विमाने आता पुरी पडणार नाहीत, हे कॅम यांनी ओळखले. त्यांनी एकाच जोडीच्या पंखांचे, वेगवान, आठ मशीनगन असलेले विमान रेखाटले. तेच हरिकेन. हरिकेन म्हणजे चक्रीवादळ. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ते प्रथम उडाले. कंपनीने एक धाडसी निर्णय घेतला. सरकारची मागणी येण्याआधीच एक हजार विमानांची तयारी सुरू केली. जून १९३६ मध्ये सरकारने ६०० विमाने मागवली, तेव्हा कारखाना तयार होता. हे काही महिने पुढे फार मोलाचे ठरले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये एका वैमानिकाने हरिकेन घेऊन एडिंबरो ते लंडनजवळचे नॉर्थोल्ट हे सुमारे ५२५ किलोमीटरचे अंतर ४८ मिनिटांत कापले. मागून जोराचा वारा होता हे खरे, पण लोक थक्क झाले.

हरिकेनची रचना ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याच काळात स्पिटफायर नावाचे दुसरे ब्रिटिश विमान तयार झाले. आर. जे. मिचेल यांनी रेखाटलेले ते विमान अंगभर पातळ धातूच्या पत्र्याचे, नव्या पद्धतीचे आणि अधिक वेगवान होते. हरिकेनचा मागचा भाग मात्र जुन्याच रीतीचा होता. आत बोल्टने जोडलेल्या धातूच्या नळ्या, त्यांवर लाकडी पट्ट्या आणि वरून कापड. काही लोकांना ते मागासलेले वाटले. पण युद्धात त्याचे गुण कळले. शत्रूच्या गोळ्या पुष्कळदा कापडाला भोक पाडून आरपार जात आणि विमान परत येई. मग तळावरचेच मेकॅनिक भोकावर ठिगळ लावत, वाकलेली नळी बदलत आणि विमान पुन्हा आकाशात जाई. नव्या रीतीचे पत्र्याचे विमान दुरुस्त करायला अधिक वेळ आणि अधिक कसबी माणसे लागत.

१९४० च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जर्मन विमानांनी ब्रिटनवर हल्ले चढवले. ब्रिटनचे हवाई दल मोडले असते तर समुद्र ओलांडून जर्मन सैन्य उतरले असते. त्या लढाईत स्पिटफायर विमानांच्या तुकड्यांपेक्षा हरिकेनच्या तुकड्या पुष्कळ जास्त होत्या. शत्रूची जी विमाने पडली, त्यांतील निम्म्याहून अधिक हरिकेननेच पाडली. आजही त्या लढाईचे नाव निघाले की स्पिटफायरची कीर्ती आधी गायली जाते. ते विमान सुंदर होते आणि त्याच्या पराक्रमात काही खोटे नाही. पण लवकर बनणारे आणि लवकर दुरुस्त होणारे हरिकेन नसते, तर नुसत्या स्पिटफायरने देश वाचला नसता.

हे विमान आपल्याकडेही आले. रत्नागिरीचा थिबा राजवाडा तुम्ही पाहिला आहे. इंग्रजांनी पदच्युत करून येथे आणलेला थिबा राजा ज्या ब्रह्मदेशाचा होता, त्याच ब्रह्मदेशातून दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य भारताच्या सीमेवर आले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमानांनी लढली. १९८२ ते १९८५ या काळात आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले इद्रिस हसन लतीफ हेही तरुणपणी लढाऊ वैमानिक होते. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांनी हरिकेन चालवण्याचे शिक्षण घेतले होते. पुढे १९७८ साली ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले.

मुलांनो, येथवर ऐकून तुम्हांला वाटेल की कॅम यांच्या हातून कधी चूक झालीच नाही. तसे नव्हते. आता जी हकीकत सांगतो, ती त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण हकीकत आहे.

हरिकेननंतर त्यांनी टायफून नावाचे अधिक मोठे आणि शक्तिशाली विमान रेखाटले. फेब्रुवारी १९४० मध्ये ते पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी ९ मे रोजी वैमानिक फिलिप लुकास त्याची चाचणी घेत असताना, त्यांच्या आसनामागे विमानाचे अंग फाटले. हवाई छत्री घेऊन उडी मारली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण विमान हरवले तर दोष कोठे आहे हे कधीच कळणार नाही, म्हणून त्यांनी ते फाटलेले विमान जपून खाली आणले. या धैर्याबद्दल त्यांना पदक मिळाले.

तो दोष दुरुस्त झाला. पण युद्ध घाईत होते आणि विमान घाईने तुकड्यांकडे गेले. त्याचे नवे इंजिन वारंवार बिघडे. इंजिनाचा विषारी वायू वैमानिकाच्या जागेत शिरे. आणि मग सर्वांत भयंकर गोष्ट घडू लागली. वेगाने झेप घेताना काही विमानांची शेपूटच तुटून पडू लागली. ११ ऑगस्ट १९४२ रोजी कंपनीचे स्वतःचे चाचणी वैमानिक केनेथ सेथ-स्मिथ अशाच अपघातात गेले. अशा प्रकारे वीसहून अधिक विमाने नष्ट झाली आणि बहुतेक वेळा वैमानिकही वाचला नाही. विचार करा, आपण रेखाटलेल्या यंत्रात बसून गेलेला तरुण परत आला नाही, अशी बातमी पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या रचनाकाराला रात्री झोप कशी लागत असेल?

संशय प्रथम शेपटीच्या सांध्यावर आला. मागचा भाग जेथे जोडला होता, त्या सांध्याभोवती धातूच्या वीस पट्ट्या ठोकून तो पक्का करण्यात आला. तरीही अपघात पूर्ण थांबले नाहीत. तुटलेले तुकडे गोळा करून पुन्हा तपासणी झाली. तेव्हा खरे कारण सापडले. शेपटीच्या हलत्या भागाचा तोल राखण्यासाठी आत एक वजन बसवलेले होते. ते ज्या लहानशा आधारावर होते, तो आधार सतत हादरून कमजोर होई आणि शेवटी तुटे. तो तुटला की शेपूट थरथरू लागे आणि क्षणात विमानाचे तुकडे होत. एवढ्याशा तुकड्याने एवढे जीव घेतले होते. तो आधार बदलला, आणि टायफून पुढे भरवशाचे विमान ठरले. १९४४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याला त्याने मोठी मदत केली.

टायफून विमाने ३३०० हून अधिक बनली. त्यांतले पूर्ण असे एकच आज शिल्लक आहे, आणि ते ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाने जपले आहे. कधी त्याचे चित्र पाहाल तेव्हा त्याच्या शेपटीपुढच्या त्या पट्ट्या शोधा. ती नक्षी नाही. तो चुकीचा आणि शिकलेल्या धड्याचा खुणेचा दगड आहे.

कॅम या अनुभवातून शिकले. टायफूनचा पंख जाड होता, त्यामुळे फार वेगात अडथळा येई. त्यांनी पातळ पंखाचे नवे विमान केले. तेच टेम्पेस्ट. भारत स्वतंत्र झाल्यावर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या हवाई दलाने टेम्पेस्ट विमाने वापरली. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर यांना त्या युद्धातील हवाई कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले. इद्रिस लतीफ यांच्या आधी तेच हवाई दलप्रमुख होते.

त्यानंतर जेटचे युग आले. तोंडाशी फिरणारा पंखा गेला. सुतार म्हणून विमान कारखान्यात शिरलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याने जुन्याला कवटाळून बसायचे ठरवले असते तर कोणी हसले नसते. पण कॅम पुन्हा विद्यार्थी झाले. १९४७ साली त्यांचे पहिले जेट विमान उडाले. त्यातूनच सी हॉक घडले. २० जुलै १९५१ रोजी हंटर उडाले. १९५३ साली हंटरने ताशी ११७० किलोमीटरहून अधिक वेग गाठून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी कॅम यांना सर हा किताब मिळाला. भारताने १९५७ मध्ये १६० हंटर विमाने मागवली. १९७१ साली राजस्थानात लोंगेवाला येथे याच विमानांनी रणगाड्यांची चाल मोडून काढली.

स्वभावाने कॅम कडक होते. ते रोज आपल्या विभागातून फिरत आणि प्रत्येकाच्या फळीवरचा नकाशा पाहत. आळशी किंवा बोजड रेषा दिसली की ते रागावत. तरुण अभियंते त्यांना भीत. तरीही अनेकजण वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच राहिले, कारण तेथे काम शिकायला मिळे. कॉलेजात शिकलेल्या या तरुणांची गणिते कॅम यांना पुष्कळदा स्वतः करता येत नसत, पण कोणता भाग जड झाला आहे हे त्यांची नजर सांगे. कॅम यांना त्यांच्या गणिताची गरज होती आणि त्यांना कॅम यांच्या नजरेची. म्हणून ही विमाने एकट्याची नव्हेत, सर्वांची आहेत.

अखेरच्या वर्षांत त्यांच्या विभागाने एक अजब विमान हाती घेतले. धावपट्टीवर न धावता जागच्या जागी सरळ वर उठणारे विमान! राल्फ हूपर या तरुण अभियंत्याने त्याची कल्पना मांडली आणि कॅम यांनी तिला आधार दिला. २१ ऑक्टोबर १९६० रोजी ते दोरांनी बांधलेल्या स्थितीत जमिनीवरून वर उचलले गेले. त्यातूनच पुढे हॅरियर विमान झाले. पण हॅरियर हवाई दलात दाखल झालेले पाहायला कॅम राहिले नाहीत. १२ मार्च १९६६ रोजी गोल्फ खेळताना त्यांचे निधन झाले. ते ७२ वर्षांचे होते. त्यांच्या हाताखाली विमानांचे पन्नासहून अधिक प्रकार तयार झाले होते. नौदलासाठी बनलेली सी हॅरियर विमाने १९८३ साली गोव्याला आली आणि २०१६ पर्यंत दाबोळीच्या तळावरून उडत राहिली. तुमच्यापैकी कित्येकांच्या आई-वडिलांनी ती आकाशात पाहिली असतील.

मुलांनो, लढाऊ विमान हे शेवटी युद्धाचे साधन आहे. त्याच्या गोळ्यांनी माणसे मरतात, आणि ती कोणत्याही बाजूची असली तरी कोणाची तरी मुले असतात. युद्ध ही आनंदाची गोष्ट नाही. ही विमाने संग्रहालयात शांत उभी आहेत, हेच चांगले आहे. त्यांच्याकडून आपण घ्यायचे ते वेगळेच आहे.

आपल्यापैकी काहींचे वडील सुतार आहेत, काहींचे मेकॅनिक, काहींचे होड्या बांधणारे. हाताने काम करणारा माणूस कमी आणि खुर्चीवर बसणारा मोठा, असे कोणी म्हणू लागले तर सिडनी कॅम यांची आठवण करा. आणि हातात हुन्नर आहे, आता पुस्तक कशाला, असे वाटू लागले तरीही त्यांचीच आठवण करा. हात आणि पुस्तक हे दोन तुकडे आहेत. ते एकमेकांत पक्के बसले, की तो सांधा सुटत नाही.

कधी गोव्याला गेलात तर सी हॉकपाशी थोडे थांबा. त्याच्या अंगावरची रिव्हेटांची सरळ ओळ पाहा. पंख जेथे दुमडतो तो सांधा पाहा. विंडसरच्या एका सुताराच्या मुलाने लहानपणी जे शिकले, ते तेथे तुम्हांला दिसेल.

शब्दार्थ
रंधा – लाकूड गुळगुळीत करण्याचे हत्यार
पटाशी – लाकडात खाच पाडण्याचे हत्यार
सांधा – दोन भाग जेथे जोडतात ती जागा
आराखडा – वस्तू करण्यापूर्वी काढलेला नकाशा
रोगण – लाकडावर किंवा कापडावर चढवायचा चकचकीत लेप
पदच्युत – पदावरून दूर केलेला
हुन्नर – हाताची कला, कसब

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सी हॉक विमानाचे पंख दुमडता येण्यासारखे का केले होते?
(आ) सिडनी कॅम यांनी शाळा केव्हा सोडली?
(इ) हरिकेन विमान प्रथम कधी उडाले?
२. कारणे लिहा.
(अ) हरिकेन विमान लवकर दुरुस्त होत असे.
(आ) फिलिप लुकास यांनी फाटलेल्या विमानातून उडी मारली नाही.
३. टायफून विमानाच्या अपघातांचे खरे कारण कसे सापडले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या गावातील सुतार, मेकॅनिक किंवा होडी बांधणारा कारागीर यांना भेटा. ते एखादा सांधा कसा जोडतात, ते पाहा आणि मराठीत दहा ओळी लिहा.